भरवल्याची तारीख

मार्गशीर्ष सरत आला की नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात, माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. देव घोड्यावर बसणारा, तेव्हा त्याच्या दारात घोड्यांचा बाजार भरावा हे ओघानेच आलं. परभणी, हिंगोली, लातूरकडून माणसं येतात. कुणी वरातीला घोडी ठेवणारा, कुणी मेंढरांमागे बिऱ्हाड हलवणारा धनगर, कुणी हौसेनं दारात एक जनावर बांधणारा शेतकरी. जिंतूरहून गेलेल्या गिऱ्हाइकाला एक घोडी पसंत पडली असं समजू. दात बघून वय झालं, भोवरे बघून झाले, चालवून, पळवून झाली. मग तो प्रश्न येतोच: "गाभण हाय का?" विकणारा म्हणतो, "हाय की." एवढ्या दोन शब्दांवर किंमत चढते, कारण आता एका दाव्याला दोन जनावरं विकली जात असतात.

घेणारा मग काय करतो? पोटाकडे बघतो. बाजूनं बघतो, मागून बघतो, कुशीवर हात ठेवतो. पण घोडीच्या बाबतीत पोट हा सगळ्यांत उशिरा बोलणारा आणि सगळ्यांत जास्त फसवणारा साक्षीदार आहे. गिऱ्हाइकानं विचारायला हवा तो प्रश्न वेगळा आहे: "भरवली कधी?" कारण घोडीच्या गर्भाची खूण दिवसागणिक बदलत जाते. चौदाव्या दिवशी जी खूण सापडते ती ऐंशीव्या दिवशी शोधायची नसते, आणि ऐंशीव्या दिवशी रक्तात जे सापडतं ते दोनशेव्या दिवशी तिथं नसतं. तारीख माहीत नसेल तर हातातली चांगली तपासणीसुद्धा अर्धी आंधळी होते.

आपल्याकडच्या माणसाची बोटं गाईम्हशींवर मोजायला शिकलेली असतात. गाईचे नऊ महिने नऊ दिवस, म्हशीचे दहा महिने दहा दिवस, हे लहान पोरालाही पाठ. घोडीचे दिवस सरासरी ३४०, म्हणजे अकरा महिन्यांच्या आसपास. पण ही सरासरी मोठी लवचीक आहे. ३२० दिवसांना व्यालेली घोडी आणि ३६५ दिवस थांबलेली घोडी, दोघींची शिंगरं धडधाकट असू शकतात. गाढवी तर सरळ वर्षभर पोटाशी बाळगते. एप्रिलच्या पहिल्या तारखेला भरवलेली घोडी पुढच्या मार्चच्या पहिल्या आठवड्यात व्यायला येते. डिसेंबरच्या शेवटी माळेगावात ती उभी असेल तेव्हा तिला २७० दिवस झालेले असतात. सप्टेंबरात भरवली असेल तर शंभराच्या आसपास. या दोन घोड्या शेजारी उभ्या केल्या आणि दोघींचा मालक "गाभण" म्हणाला, तरी दोघींना तपासायची रीत वेगळी.

जुन्या जाणत्यांची पहिली कसोटी माजाची. घोडीचं चक्र साधारण २१ दिवसांचं, त्यात पाच ते सात दिवस माज. माजावर आलेली घोडी घोड्याजवळ शेपूट वर करते, थोडं थोडं मुतते, योनीचे ओठ उघडमीट करते, शांत उभी राहते. माजावर नसेल तर कान मागे पाडते, किंचाळते, लाथ झाडते. म्हणून भरवल्यावर सोळाव्या दिवसापासून तीन आठवड्यांपर्यंत तिला रोज घोडा दाखवायचा, मध्ये आडवा लाकडी ओंडका किंवा भिंत ठेवून. लाथ झाडली तर "राहिली" समजायचं. ही रीत स्वस्त आहे, शहाणपणाची आहे, आणि मी ती सोडा असं कुणाला सांगणार नाही. पण तिच्या चुका ठाऊक हव्यात.

एक तर काही घोड्या गाभण असूनही माजासारखं वागतात. गर्भ राहिल्यावरही तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात अंडाशयात नवी बीजकोशं वाढत असतात, आणि एखादी घोडी घोड्यापुढे उभीसुद्धा राहते. दुसरी बाजू जास्त त्रासाची. रिकामी घोडी कित्येकदा माज दाखवतच नाही. अंडाशयातला माज थोपवून धरणारा पीतपिंड लांबला तर दोन-दोन महिने ती गप्प असते. अंगाशी शिंगरू असलेली घोडी घोड्याला जवळ येऊ देत नाही, कारण तिचं सगळं लक्ष पिलाच्या राखणीवर. शिवाय हंगामाचा प्रश्न आहे. घोडी दिवस मोठा होऊ लागला की माजावर येणारी, दिवस लहान झाला की थंडावणारी. युरोपात हा फरक ठसठशीत दिसतो. जिंतूरला मात्र हिवाळ्यातला लहानात लहान दिवस अकरा तासांच्या जवळपास आणि उन्हाळ्यातला मोठ्यात मोठा सव्वातेरा तासांचा, म्हणजे फरक थोडाच. त्यामुळे आपल्याकडचा हंगाम पुसट असतो आणि चाऱ्याच्या चणचणीचाही त्यावर परिणाम होतो. कार्तिकात घोडी घोड्याकडे ढुंकून बघत नसेल, तर ती गाभण असेल किंवा नुसती हिवाळ्यात शिरली असेल.

आता आतली गोष्ट, आणि ती फार सुंदर आहे. घोडीच्या अंडनलिकेत दर माजाला एक बीज उतरतं. ते फळलं नाही तर तिथंच अडकून पडतं, महिनोन्महिने. फळलेलं बीजच तेवढं पुढे सरकतं, कारण तो इवला गर्भ स्वतः एक रसायन सोडून नलिकेचे स्नायू सैल करतो आणि सहाव्या दिवसाच्या आसपास गर्भाशयात उतरतो. उतरल्यावर तो एका जागी बसत नाही. सोळाव्या दिवसापर्यंत तो गोळीसारखा गर्भाशयाच्या दोन्ही शिंगांत, म्हणजे फाट्यांत, हिंडत राहतो, दिवसातून कित्येकदा या टोकाचा त्या टोकाला. गाईचा गर्भ लांबट होऊन पसरतो आणि जागेवरूनच आईला आपण आलो आहोत हे कळवतो. घोडीचा गर्भ गोलच राहतो, म्हणून त्याला दारोदार फिरून वर्दी द्यावी लागते. प्रयोगांमध्ये त्याला गर्भाशयाच्या एकाच भागात अडवून धरलं तेव्हा आईच्या शरीराला त्याची खबर लागली नाही आणि गर्भ टिकला नाही. सोळाव्या दिवशी गर्भाशय आवळतं, गर्भही वाढलेला असतो, आणि तो एका शिंगाच्या बुडाशी रुततो.

हा हिंडणारा गोल माणसाच्या डोळ्याला प्रत्यक्ष दिसू लागला तो १९८० पासून. त्या साली फ्रान्समधल्या पामेर आणि द्रियांकूर यांनी घोडीच्या गुदमार्गातून सोनोग्राफी करून गर्भ दिसतो असं दाखवून दिलं. चौदाव्या दिवशी पडद्यावर सुमारे दीड सेंटिमीटरचा, कंपासने आखल्यासारखा काळा वाटोळा ठिपका दिसतो. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास त्यात हृदयाची फडफड दिसते, आणि ती दिसली की "राहिली का" हा प्रश्न मिटतो. रेसच्या घोड्यांच्या स्टड फार्मवर चौदा ते सोळा दिवसांत पहिली सोनोग्राफी करतात ती केवळ घाईपोटी नव्हे. जुळं शोधायचं असतं. घोडीच्या गर्भाशयात दोन वारांना पुरेल एवढी जागा नसते. जुळी राहिली तर बहुतेक वेळा महिने भरत आले असताना दोन्ही जातात, कधी घोडीच्याही जिवावर बेततं. गर्भ रुतण्याआधी दोन गोल वेगळे सापडले तर पशुवैद्य एक गोल हळुवार दाबून नाहीसा करतो आणि दुसऱ्याला वाट मोकळी होते. विसाव्या दिवशी गेलात तर दोन्ही गोल एकाच ठिकाणी चिकटून बसलेले असण्याची भीती.

सोनोग्राफीचं यंत्र नसेल तिथं हाताची तपासणी. तरबेज पशुवैद्याला तीस दिवसांच्या पुढे, आणि बऱ्याच जणांना चाळीस ते साठ दिवसांच्या दरम्यान, गुदमार्गातून हात घालून गर्भाशयाचा ताठपणा, घट्ट मिटलेलं गर्भाशयमुख आणि एका शिंगातला फुगवटा जाणवतो. गाईम्हशीत हे काम आपल्याकडच्या गावागावांत होतं, त्यामुळे काही जण घोडीतही हात घालायला तयार होतात. तिथं मला कळकळीनं सांगायचं आहे: घोडीचं गुदाशय गाईच्यापेक्षा फार नाजूक असतं आणि घोडी उभी राहायला गाईइतकी राजी नसते. आतडं फाटलं तर घोडी बहुधा वाचत नाही. हे काम शिकलेल्या पशुवैद्याचंच. जिंतूरकरांना परभणी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर आहे आणि तिथं १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

रक्ताची तपासणी हा या सगळ्यातला सर्वांत विलक्षण प्रकार. १९३० साली कॅलिफोर्नियात हॅरल्ड कोल आणि जॉर्ज हार्ट यांनी गाभण घोडीच्या रक्ताचा द्रव वयात न आलेल्या उंदरांच्या माद्यांना टोचला, तर त्यांची अंडाशयं भराभर वाढली. घोडीच्या रक्तात काहीतरी जोरदार संप्रेरक होतं. त्याला पीएमएसजी, म्हणजे गाभण घोडीच्या रक्तद्रवातलं संप्रेरक, म्हणू लागले, आणि पुढे मेंढ्या-गाईंना एकाहून अधिक बीजं सोडायला लावण्यासाठी ते औषध म्हणून वापरलं गेलं. पण ते येतं कुठून? इथं खरी नवलाई आहे. पस्तीस ते अडतीस दिवसांच्या सुमारास गर्भाच्या आवरणावरच्या एका पट्ट्यातल्या पेशी आवरण सोडून आईच्या गर्भाशयाच्या भिंतीत शिरतात. तिथं त्या वाटीच्या आकाराची लहान लहान घरटी करतात आणि हे संप्रेरक ओतू लागतात. त्या पेशी शिंगराच्या, म्हणजे अर्ध्या बापाच्या. आईचं शरीर त्यांना परकं ओळखतं, त्यांच्याभोवती पांढऱ्या पेशींचा वेढा घालतं, आणि एकशेवीस दिवसांच्या आसपास त्या वाट्या गळून पडतात. म्हणून हे संप्रेरक रक्तात साधारण चाळिसाव्या दिवसापासून दिसतं, साठ-सत्तर दिवसांना शिगेला पोचतं आणि चार महिन्यांनंतर ओसरतं. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने याच संप्रेरकावर आधारलेला घोडीच्या गर्भनिदानाचा संच तयार केला आहे.

पण वरची हकिगत नीट वाचली तर या तपासणीतली फट लगेच दिसते. वाट्या एकदा रुजल्या की त्यांना शिंगराची गरज उरत नाही. चाळीस-पंचेचाळीस दिवसांना गर्भ मेला, घोडीनं गाभ टाकला, तरी वाट्या आपलं काम करत राहतात. रक्त "गाभण" म्हणतं आणि पोट रिकामं असतं. वर त्या वाट्या असेतोवर घोडी नीट माजावरही येत नाही, म्हणजे माजाची कसोटीसुद्धा तेच खोटं सांगते. दोन साक्षीदार एकाच चुकीवर सह्या करतात. सुरुवातीच्या सहा-सात आठवड्यांत शंभरातल्या दहाएक घोड्यांचा गर्भ असा हरवतो, त्यामुळे हा प्रसंग दुर्मीळ नाही. पंधराव्या दिवशी "आहे" म्हटलेली घोडी साठाव्या दिवशी पुन्हा तपासून घ्यायची ती याचसाठी. खेचराच्या गर्भाची गंमत तर आणखी निराळी: घोडीला गाढव लावलं तर या वाट्या लवकर मोडतात आणि संप्रेरक कमी येतं, आणि गाढवीला घोडा लावला तर उलट ते भरपूर येतं. खेचर पोटात असलेल्या घोडीचं रक्त नुसतं वाचून "रिकामी" म्हणणं म्हणूनच धोक्याचं.

पाचव्या महिन्यानंतर मूत्र बोलू लागतं. पोटातल्या शिंगराची जननग्रंथी एवढी वाढते की सात-आठ महिन्यांना ती आईच्या अंडाशयापेक्षा मोठी असते. ती कच्चा माल पुरवते, वार त्याचं इस्ट्रोजेन करते, आणि ते आईच्या मूत्रातून ढिगानं बाहेर पडतं. बर्नहार्ड झोंडेकने १९३० साली हे दाखवलं, आणि १९३४ मध्ये कुबोनी या इटालियन पशुवैद्याने त्यावर साधी रासायनिक चाचणी बसवली: मूत्रात तीव्र आम्ल घालून तापवायचं, बेंझिनने धुऊन काढायचं, शेवटी गंधकाम्ल घातलं की गाभण घोडीच्या नमुन्यात हिरवी चमक उमटते. याच मूत्रापासून काढलेलं प्रेमरिन हे बायकांच्या रजोनिवृत्तीवरचं औषध अमेरिकेत १९४२ पासून विकलं गेलं. मूत्रात इस्ट्रोजेन सर्वांत जास्त सोडणारं घोड्याच्या जातीतलं दुसरं जनावर मात्र खुद्द वळू घोडा आहे, तेव्हा नमुना कुणाचा हे बघूनच भांडं भरावं. या तपासणीचा मोठा गुण असा की ती शिंगरावर अवलंबून आहे. शिंगरू मेलं की इस्ट्रोजेन झपाट्यानं उतरतं. पीएमएसजी सांगतं "कधीतरी राहिली होती". इस्ट्रोजेन सांगतं "आत्ता आत जिवंत आहे".

मग पोटाचं काय? सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत बाहेरून जवळजवळ काही दिसत नाही. पहिलटकर, कसलेल्या अंगाची घोडी तर दहाव्या महिन्यातही सडपातळ दिसते. उलट तीन-चार वेळा व्यालेली, नुसत्या कोरड्या कडब्यावर ठेवलेली, जंतांनी भरलेली घोडी रिकामी असूनही ढोल पोट लोंबवत उभी राहते. गाभण पोट खाली आणि थोडं एका अंगाला झुकतं, कडब्याचं पोट दोन्हीकडे सारखं फुगतं, असं जाणते सांगतात. तो फरक खरा आहे, पण बाजारातल्या पाच मिनिटांत तो ओळखायचा भरवसा मी धरणार नाही. सकाळी थंड पाणी पाजून कुशीच्या खाली तळहात ठेवला तर आठव्या-नवव्या महिन्यानंतर शिंगराचा धक्का लागतो. लागला तर शंका उरत नाही. न लागला तर त्यावरून काहीच ठरत नाही, कारण शिंगरू तासन्‌तास शांत असतं.

एवढा खटाटोप कशासाठी, असं एखाद्याला वाटेल. वरातीच्या घोडीचं उदाहरण घ्या. तुळशीच्या लग्नापासून उन्हाळा संपेपर्यंत तिची कमाई. एप्रिलात भरवली तर ती ऐन लग्नसराईत, मार्चमध्ये व्यायला येणार. मालकाला ते माहीत नसेल तर दहाव्या महिन्यातल्या घोडीला फटाके, बँड आणि डीजेच्या भिंतीपुढे तासन्‌तास नाचवलं जातं. ते जनावर बोलत नाही म्हणून ते चालतं, एरवी चाललं नसतं. शिंगराच्या वजनातला निम्म्याहून जास्त भाग शेवटच्या तीन महिन्यांत भरतो. त्या दिवसांत चंदी वाढवायची, वरात आणि ओझं बंद करायचं, व्यायच्या महिनाभर आधी धनुर्वाताची लस द्यायची. रिकाम्या घोडीला वर्षभर गाभण समजून खाऊ घातलं तर एक अख्खं वर्ष वाया. आणि गाभण घोडीला रिकामी समजून माजावर आणायचं प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन दिलं, तर पस्तीस दिवसांच्या आतला गर्भ त्या एका सुईनं बहुधा जातो. धनगराच्या घोडीची काळजी वेगळ्या तऱ्हेची. तिच्या पाठीवर अख्खं बिऱ्हाड असतं आणि ती रोज चालते. भीमथडी म्हणून ओळखली जाणारी ही काटक दख्खनी घोडी अलीकडेच कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने स्वतंत्र जात म्हणून नोंदवली. चालणं तिला बाधत नाही. शेवटच्या महिन्यांतलं पाठीवरचं ओझं बाधतं, आणि ते कधी उतरवायचं हे पुन्हा तारखेवरच ठरतं.

तारीख असेल तर शेवटचे आठवडे सोपे जातात. व्यायच्या दोन ते सहा आठवडे आधी कास भरू लागते. शेपटीच्या बुडाचे स्नायू सैल पडतात. शेवटच्या चार-सहा दिवसांत सड भरतात आणि एक-दोन दिवस आधी सडाच्या टोकाला मेणासारखा पिवळसर थेंब येऊन सुकतो. काही घोड्या हा थेंब दाखवतच नाहीत. घोडी बहुधा रात्री विते, आजूबाजूला सामसूम झाल्यावर. दिवसभर राखण करून मालक जेवायला गेला आणि तेवढ्यात शिंगरू बाहेर, असं पुष्कळदा घडतं. पाणी फुटल्यापासून शिंगरू येईपर्यंत अर्धा तास पुरे. त्याहून लांबलं तर डॉक्टरला बोलवायला मिनिटभरही थांबू नये. तासाभरात शिंगरू उभं राहिलं पाहिजे, दोन तासांत सडाला लागलं पाहिजे, कारण रोगाशी लढायची ताकद त्याला पोटात असताना वारेतून मिळत नाही. ती सगळी चिकातून येते, आणि पहिल्या काही तासांतच आतड्यातून शोषली जाते. तीन तासांत वार पडली नाही तर तेही धोक्याचं. पडलेली वार टाकून न देता जमिनीवर पसरून बघावी: दोन्ही शिंगांची टोकं शाबूत आहेत का, की एखादा तुकडा आत राहिला.

शिंगरू सात ते बारा दिवसांचं होतं न होतं तोच घोडी पुन्हा माजावर येते. या माजाला काही जण भरवतात, काही जण एक माज सोडतात. गर्भाशय अजून सावरलेलं नसतं, म्हणून वार उशिरा पडली असेल किंवा वेण जड गेली असेल तर सोडावा, असं माझं मत. भरवलीच, तर गोठ्याच्या भिंतीवर खडूनं तारीख लिहून ठेवावी, आणि तिच्याखाली चौदावा दिवस कुठल्या वारी येतो तेही.